भाजीचं बियाणं (भाग ६) : केवडा आणि एक जनुक

गेल्या आठवड्यात टोमॅटो झाला, आज भेंडी.

शिरोळ-हातकणंगल्याच्या ऊसपट्ट्यात दहा-पंधरा गुंठ्यांत भेंडी लावतात ती रोख पैशासाठी. उसाचं बिल हाती यायला वर्ष-दीड वर्ष जातं. भेंडीचा पहिला तोडा पन्नासेक दिवसांत निघतो आणि मग दिवसाआड माल बाजारात. या पिकाचं मोठं भय म्हणजे केवडा. आधी पानांच्या शिरा पिवळ्या, मग सगळं पान, शेवटी फळही पिवळट आणि राठ. हा विषाणू पांढरी माशी पसरवते. माशीवर फवारत बसावं, तर दिवसाआड तोडल्या जाणाऱ्या भाजीतून औषध थेट खाणाऱ्याच्या ताटात जातं. म्हणून उपाय बियाण्यातच हवा.

१९६०च्या सुमारास दिल्लीहून आलेली ‘पुसा सावनी’ काही वर्षं टिकली, पुढे तीच केवड्याला हमखास बळी पडू लागली. तेव्हा परभणीच्या मराठवाडा कृषी विद्यापीठात एन. डी. जांभळे आणि वाय. एस. नेरकर यांनी भेंडीची दूरची नातलग ‘अ‍ॅबेलमॉस्कस मॅनिहॉट’ हाताशी घेतली. तिच्यातला प्रतिकार एकाच प्रभावी जनुकावर अवलंबून असल्याचं त्यांनी १९८१ साली दाखवलं.

एकच जनुक, पण तो आणायचा कसा? भेंडीचं फूल सकाळी उमलतं आणि त्याच दिवशी मिटतं. म्हणून आदल्या संध्याकाळी कळी उकलून पुंकेसर काढायचे, ती पिशवीनं झाकायची आणि सकाळी दुसऱ्या जातीचा पराग लावायचा. दोन्हींच्या गुणसूत्रांची संख्या वेगळी, त्यामुळे संकराची झाडं बरीचशी वांझ. जे थोडं बी धरेल त्याची रोपं पुन्हा पुसा सावनीशी जुळवायची, त्यांतली निरोगी तेवढी ठेवायची, पुन्हा जुळवायची. परक्या जातीचे नको ते गुण गळावेत आणि जनुक राहावा, एवढ्यासाठी हा खटाटोप. १९८५ साली ‘परभणी क्रांती’ आली.

माझ्या मते तिचं खरं मोल ती सरळ वाण असण्यात आहे. संकरित बी दर हंगामाला विकत घ्यावं लागतं. हिचं घरी धरता येतं. शेतकऱ्याचा हा हक्क २००१च्या वाणसंरक्षण कायद्यानंही मान्य केला आहे. केवडा बियाण्यातून पसरत नाही, हेही सोयीचं. अडचण आहे ती जागेची. प्रमाणित बियाण्यासाठी दोन वाणांत २०० मीटर अंतर सांगितलं जातं. दहा गुंठ्यांचा चौरस तुकडा जेमतेम ३२ मीटर लांब. शेजारच्या बांधावर दुसरी भेंडी, आणि मधमाशीला कुठला सातबारा! त्यावर साधी युक्ती म्हणजे चांगल्या, निरोगी झाडांच्या कळ्या आदल्या संध्याकाळीच पिशवीनं बांधायच्या. भेंडी स्वतःच्या परागानं फळ धरते. ती फळं झाडावरच वाळू द्यायची.

मात्र एका जनुकाचा पहारा कायमचा नसतो. विषाणू बदलत गेला आणि परभणी क्रांतीवरही केवडा दिसू लागला. म्हणजे पुन्हा नातलगांकडेच जाणं आलं. या शोधात कोल्हापूरचा वाटा आहे. शिवाजी विद्यापीठाच्या वनस्पतिशास्त्र विभागातल्या अभ्यासकांनी दिल्लीच्या राष्ट्रीय वनस्पती आनुवंशिक संसाधन ब्यूरोबरोबर भेंडीच्या रानटी जातींवर काम केलं. छत्तीसगडमधल्या ‘अ‍ॅबेलमॉस्कस पॅलियानस’ या नव्या जातीची २०१३ साली नोंद झाली, ती याच कामातून.

पुढच्या आठवड्यात कृष्णाकाठचं वांगं.