पेंचमधून जाणारा महामार्ग: काही गैरसमज आणि वस्तुस्थिती

नागपूरहून जबलपूरकडे जाणारा राष्ट्रीय महामार्ग ४४ मनसर आणि खवासा यांच्या दरम्यान पेंच व्याघ्र प्रकल्पाच्या जंगलातून जातो. त्याच्या चौपदरीकरणावरून न्यायालयापर्यंत वाद गेला आणि ‘जंगल राखायचे म्हणजे रस्ता अडवायचा’ हा समज घट्ट झाला. प्रत्यक्षात रस्ता चौपदरी झालाच. महाराष्ट्राच्या हद्दीतल्या सुमारे १६ किलोमीटरमध्ये प्राण्यांना रस्त्याखालून जाता यावे म्हणून पाच भुयारी मार्ग आणि चार लहान पूल बांधले गेले. त्यांची रुंदी ५० ते ७५० मीटर आहे.

जनावरे पुलाखालून जातच नाहीत, हाही समज टिकला नाही. भारतीय वन्यजीव संस्थेने २०१९ मध्ये कॅमेरे लावून पाहणी केली, तेव्हा १८ जातींचे वन्यप्राणी या वाटांवर दिसले. ११ वाघ ८९ वेळा पलीकडे गेले. याचे श्रेय मोकळ्या रुंदीला, उंचीला आणि पायाखाली राहिलेल्या मातीला आहे. पाण्याच्या अरुंद मोरीला कागदावर ‘वन्यजीव मार्ग’ म्हटल्याने चितळांचा कळप तिच्यात शिरत नाही.

सर्वात चिवट गैरसमज भरपाईचा. वनजमीन वळवली की पर्यायी वनीकरणाचे पैसे भरावे लागतात आणि २०१६ च्या कायद्याने त्यासाठी स्वतंत्र निधी उभा केला. पण दुसरीकडे लावलेली रोपे पेंच आणि कान्हा या व्याघ्र प्रकल्पांना जोडणारा जंगलाचा पट्टा तयार करत नाहीत. म्हणून क्रम महत्त्वाचा: आधी नुकसान टाळायचे, मग कमी करायचे, बिघडलेले सुधारायचे, भरपाई शेवटी.

अशा रस्त्यांना कर्ज देणाऱ्या वित्तसंस्थेचा यात संबंध काय, असेही विचारले जाते. जागतिक बँकेने १९९५ मध्ये नैसर्गिक अधिवासांसाठी स्वतंत्र धोरण आणले आणि २०१८ पासून त्याची जागा नव्या पर्यावरणीय चौकटीतील सहाव्या मानकाने घेतली. वित्तसंस्थेचे वजन आराखडा कच्चा असतानाच जास्त पडते. रस्त्याची रेषा आणि अंदाजपत्रक ठरल्यावर पूल वाढवायचा, तर फेरमंजुरी आणि ठेकेदाराशी नवा व्यवहार, दोन्ही आले. शिवाय खर्च बांधकामावर संपत नाही: आवाज आणि दिवे अडवणाऱ्या भिंतींची डागडुजी होत राहावी लागते आणि भुयाराच्या दोन्ही तोंडांशी ढाबे किंवा रिसॉर्ट उभे राहणार नाहीत, हेही पाहावे लागते.