ताप की उष्माघात?

नागपुरात २३ मे २०१३ रोजी ४७.९ अंश सेल्सिअस तापमान नोंदले गेले. अशा दिवसांत कुणी मजूर असंबद्ध बडबडत रुग्णालयात येतो, अंग ४१ अंशांवर (सुमारे १०६ फॅरनहाइट). फिजिशियनला आधी ठरवावे लागते, हा ताप की उष्माघात?

पारा दोन्हींत चढतो. मेंदूतील हायपोथॅलॅमस हा शरीराचा थर्मोस्टॅट. जंतुसंसर्गात प्रोस्टाग्लँडिनमुळे तोच वरच्या अंकावर सरकतो. म्हणून तर ताप चढताना थंडी वाजते. पॅरासिटॅमॉल त्याला खाली आणते. उष्माघातात मात्र थर्मोस्टॅट जागच्या जागी असतो, उष्णता बाहेर टाकणारी यंत्रणा हरलेली असते. तिथे ही गोळी निरुपयोगी, शिवाय आधीच होरपळलेल्या यकृतावर भार.

अनुभवी डॉक्टर काखेतल्या थर्मामीटरवर विसंबत नाहीत. गुदद्वारातील तापमान घेतात. घाम आहे म्हणजे उष्माघात नाही, असेही ते मानत नाहीत. उन्हात राबणाऱ्याला घाम असू शकतो. लघवी वाढवणाऱ्या किंवा मानसिक आजाराच्या गोळ्या चालू होत्या का, हे नातेवाइकांना विचारतात. मलेरियासाठी रक्त पाठवतात, पण अहवालासाठी थांबत नाहीत. अंगावर पाणी शिंपडून पंखा लावतात. अर्ध्या तासात तापमान ३९ अंशांखाली यायला हवे.

त्वचेवरील एक ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता जाते. वर्गात हे माठावरून समजावता येईल, असे आम्हाला वाटते. नागपूरच्या कोरड्या मे महिन्यात हा उपाय चांगला लागू पडतो, मुंबईच्या दमट हवेत तितका नाही; तिथे बर्फाचे पाणी बरे. आणि रुग्णालयात नेताना एक पथ्य: शुद्ध हरपलेल्याच्या तोंडात पाणी घालू नये, ते श्वासनलिकेत जाते.