जंगली जयगड, पोफळी आणि मधला कडा

कोयनानगरला येणाऱ्यांचे साधारण दोन तांडे असतात. एक पावसाळ्यात धरणाचे दरवाजे उघडल्याची बातमी वाचून येतो, नेहरू उद्यानात फिरतो, नवजाजवळचा ओझर्डे धबधबा पाहतो आणि अंधार पडायच्या आत कराडच्या वाटेला लागतो. दुसरा हिवाळ्यात पाठीवर सॅक टाकून येतो, वनखात्याची परवानगी काढतो आणि नवजाच्या रानातून जंगली जयगडावर चढतो. पहिल्याला किल्ल्याचे नाव ठाऊक नसते. दुसऱ्याच्या लेखी धरण म्हणजे वाटेत दिसणारी एक मोठी भिंत. किल्ला इतिहासाच्या पुस्तकातला आणि धरण भूगोलाच्या, अशी ही वाटणी शाळेपासून आपल्या अंगवळणी पडलेली आहे. कोयनानगरात मात्र ती टिकत नाही. इथला किल्ला आणि इथला वीजप्रकल्प एकाच कारणाने जन्मले आहेत, आणि ते कारण म्हणजे सह्याद्रीचा कडा. एकाला वगळून दुसऱ्याचा अर्थ लागत नाही.

नकाशा पाहिला की हे सहज ध्यानात येते. कोयना महाबळेश्वरला उगम पावते, पण कृष्णेसारखी पूर्वेला वळत नाही. पश्चिमेला सह्याद्रीची मुख्य रांग आणि पूर्वेला बामणोलीची रांग, या दोहोंमधल्या चिंचोळ्या खोऱ्यातून ती सरळ दक्षिणेला उतरते. हेळवाकपाशी काटकोनात वळून पाटणमार्गे कराडला कृष्णेला मिळते. म्हणजे जवळजवळ साठ-पासष्ट किलोमीटर ही नदी कोकणच्या कड्याला समांतर वाहते, मधे फक्त एक डोंगररांग. दाभोळ-चिपळूणच्या बंदरांत उतरलेला माल कराडच्या पेठेकडे न्यायचा, तर ही रांग ओलांडणे भागच होते. ती ओलांडण्याच्या जागा मोजक्या: उत्तरेला पार आणि हातलोट, दक्षिणेला कुंभार्ली, आणि अधूनमधून पायवाटेच्या लहानसहान घाटवाटा. या वाटांवर नजर ठेवणारी किल्ल्यांची साखळी खोऱ्याच्या माथ्यावरच्या प्रतापगडापासून सुरू होते आणि मकरंदगड, वासोटा, जंगली जयगड अशी भैरवगडाकडे उतरत जाते. जयगड त्यातला बहुधा सर्वांत दुर्लक्षित. शास्त्री नदीच्या मुखावर याच नावाचा किनारी किल्ला आहे, म्हणून याला ‘जंगली’. मुख्य रांगेतून कोकणाकडे पुढे आलेल्या एका निमुळत्या सोंडेवर तो बसला आहे. आज तिथे पडका दरवाजा, तटाचे अवशेष आणि पाण्याचे टाके एवढेच उरले आहे. बघण्यासारखे काय, असे कोणी विचारले तर प्रामाणिक उत्तर आहे: कड्याखालचा प्रदेश. किल्ला बांधणाऱ्यालाही हाच प्रदेश बघायचा होता.

यावर एक आक्षेप नेहमी येतो. इथे एकही नाव घेण्याजोगी लढाई झालेली नाही. मग या दगडांना इतके महत्त्व कशासाठी? या आक्षेपामागे किल्ला म्हणजे रणभूमी असा समज आहे, आणि तो बखरींपेक्षा चित्रपटांनी जास्त पोसला आहे. सरहद्दीवरच्या ठाण्याचे खरे काम रोजचे असते: वाटेवर पहारा, मालावर जकात, बातमी वर पोहोचवणे आणि ज्यांना लोकांच्या नजरेआड ठेवायचे त्यांना सांभाळणे. शेजारच्या वासोट्याचा, म्हणजे व्याघ्रगडाचा इतिहास यासाठी पुरेसा बोलका आहे. हा किल्ला शतकानुशतके तुरुंग म्हणून वापरला गेला. शिवकाळात राजापूरच्या वखारीतून पकडलेल्या इंग्रजांपैकी काहींना इथे ठेवले होते. दुसऱ्या बाजीरावाने सातारच्या छत्रपतींच्या कुटुंबीयांना इथेच आणून बसवले, आणि 1818 मध्ये हंटर व मॉरिसन हे दोन इंग्रज अधिकारीही इथेच कैदेत होते. त्यापूर्वी 1806 च्या सुमारास पंतप्रतिनिधींची बाजू घेऊन ताई तेलीण या बाईने बापू गोखल्यांच्या फौजेपुढे हाच किल्ला कित्येक महिने झुंजवला. पेशव्यांच्या नामांकित सरदाराला एका बाईने इतके दिवस थोपवून धरले, यात तिच्या धाडसाबरोबर भोवतालच्या रानाचा आणि कड्याचाही वाटा आहे. एप्रिल 1818 मध्ये इंग्रजांच्या जनरल प्रिट्झलरच्या तोफा समोरच्या जुन्या वासोट्यावर चढवल्या गेल्या आणि मग मात्र किल्ला फार टिकला नाही. लांब पल्ल्याच्या तोफेने सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे युग संपवले ते असे. कड्याचे महत्त्व मात्र तेवढ्याने संपले नाही. त्याला दुसरा उपयोग सापडायला पुढची सव्वाशे वर्षे लागली.

तो उपयोग म्हणजे वीज. कोकणातून वर चढणाऱ्याला जो उभा चढ नको वाटतो, तोच उतार पाण्याच्या दृष्टीने पैसा आहे. कोयनेचे पाणी तिच्या स्वाभाविक वाटेने गेले तर कराड, सांगली करत, कर्नाटक आणि आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागराला मिळते. तेच डोंगराच्या पोटातून पश्चिमेला वळवले तर काही किलोमीटरांत सुमारे पावणेपाचशे मीटर खाली कोसळते. पन्नाशीच्या दशकात धरणाचे काम सुरू झाले. सुमारे 103 मीटर उंच आणि 800 मीटरहून लांब अशी भिंत उभी राहिली, खोऱ्यात शिवसागर जलाशय पसरला, आणि पोफळीला डोंगराच्या आत भूमिगत वीजगृह कोरले गेले. पुढे कोळकेवाडीचा टप्पा आला, मग चौथा टप्पा, ज्यासाठी 1999 मध्ये जलाशयाच्या तळाला खालून भोक पाडून पाणी बोगद्यात घेतले गेले. आज सगळे टप्पे मिळून क्षमता 1900 मेगावॅटच्या पुढे आहे. वापरलेले पाणी वाशिष्ठीतून चिपळूणकडे आणि तिथून अरबी समुद्रात जाते. सरहद्दीवर पूर्वी जशी मालावर जकात होती, तशी आता पाण्यावर मर्यादा आहे: कृष्णा पाणी तंटा लवादाने पश्चिमेला वळवायचे पाणी वर्षाला 67.5 टीएमसीवर बांधून दिले आहे. जयगडाच्या टोकावर उभे राहिले की खाली कोळकेवाडीचे पाणी आणि पोफळीचा परिसर दिसतो. पहारेकऱ्याची जागा तीच आहे. खालून वर येणाऱ्या मालाऐवजी वरून खाली जाणारे पाणी, एवढाच फरक.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे, आणि तो वाक्चातुर्याने उडवून लावता येणार नाही. किल्ल्यांना धरणाच्या पंगतीला बसवले की धरणाला आपोआप ऐतिहासिक पुण्याई मिळते. पण ज्यांची शंभरच्या आसपास गावे या पाण्यात बुडाली, त्यांच्यासाठी हा इतिहास अजून संपलेला नाही. ठाण्यापासून सोलापूरपर्यंत विखुरलेल्या धरणग्रस्तांचे जमिनीचे प्रश्न दोन पिढ्यांनंतरही रेंगाळले, आणि 2018 मध्येही त्यांना कोयनानगरात ठिय्या मांडावा लागला. हा आक्षेप मला मान्य आहे, आणि माझ्या मुद्द्याला तो बळच देतो. कारण पाण्याखाली गेलेली ती गावेच किल्ल्याचा आधार होती. गडावर धान्य, दूध, माणसे आणि बातम्या खोऱ्यातूनच चढत. खोरे बुडाले आणि वासोटा बामणोलीहून लाँचने जायचे बेट झाल्यासारखा झाला. लाँचमधून उतरणाऱ्याला वाटते की किल्ला निबिड अरण्यात मुद्दाम एकाकी बांधला होता. हा एकाकीपणा बहुतांशी विसाव्या शतकातला आहे. बुडालेल्या गावांची हकीकत वगळून सांगितलेला किल्ल्यांचा इतिहास म्हणूनच अर्धवट ठरतो.

त्यासाठी कोयनानगरात एक स्थानिक संग्रहालय हवे, असे म्हटले की साताऱ्याकडे बोट दाखवले जाते. साताऱ्याला छत्रपती शिवाजी महाराज संग्रहालय आहेच, औंधला पंतप्रतिनिधींचे श्री भवानी संग्रहालय आहे, तिसरे कशाला? साताऱ्याच्या संग्रहालयात जुलै 2024 मध्ये लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातून आलेली वाघनखे मांडली गेली आणि ती पाहायला रांगा लागल्या. महाराजांनी वापरलेली ती हीच, याला पुरावा नसल्याचे खुद्द लंडनच्या संग्रहालयानेच सांगितले आहे. प्रतापगडाचा 1659 चा प्रसंग समजायला ते शस्त्र जेवढे उपयोगी, त्याहून कोयना खोऱ्याचा उठावाचा नकाशा अधिक उपयोगी पडेल, कारण आदिलशाही फौज अडकली ती याच नदीच्या वरच्या रानात. असा नकाशा, बुडालेल्या गावांची यादी आणि सातबारे, 11 डिसेंबर 1967 च्या पहाटेच्या भूकंपाने तडे गेलेल्या धरणाची छायाचित्रे, आणि त्या भूकंपाचा शोध घेण्यासाठी तीन किलोमीटर खोल घेतलेल्या विंधनविवरातले बेसाल्ट व त्याखालच्या ग्रॅनाइटचे नमुने, एवढे सामान एका साध्या, भूकंप सोसणाऱ्या इमारतीत मावेल. यातली कुठलीच वस्तू परदेशातून उसनी आणावी लागणार नाही.

वनखात्याची काळजीही रास्त आहे. हा परिसर 2010 पासून सह्याद्री व्याघ्र प्रकल्पात आणि 2012 पासून पश्चिम घाटाच्या जागतिक वारसा यादीत आहे. जयगडावर शनिवार-रविवारी झुंडी चढू लागल्या तर रानाचे आणि पडक्या तटाचे दोहोंचेही नुकसान होईल. पण खाली चांगले संग्रहालय असेल, तर प्रत्येकाने वर चढण्याची गरजच उरणार नाही. परवानग्या मोजक्याच राहाव्यात आणि पावसाळ्यात वाट बंदच असावी.

तोवर येणाऱ्याने निदान दिशा बदलून पाहावी. कराडकडून आलेल्याला कोयनानगर डोंगरातले एक थंड, हिरवे गाव वाटते, आणि कडा त्याला दिसतच नाही. त्याऐवजी चिपळूणहून निघावे, पोफळीच्या वीजगृहावरून कुंभार्ली घाट चढावा आणि अर्ध्या घाटात गाडी थांबवून वर बघावे. जकात भरायला आलेला व्यापारी ज्या बाजूने ही भिंत पाहत असे, ती बाजू ही.