शक्ती येते कुठून?

"डॉक्टर, अंगात शक्ती नाही, एखादे टॉनिक लिहून द्या," अशी मागणी माझ्या दवाखान्यात रोज होते. पण शक्तीचा मूळ झरा सूर्य आहे. ज्वारीचे पान ऊन शोषून ऊर्जा दाण्यात साठवते. तो दाणा कोंबडीने खाल्ला, की बरीच ऊर्जा तिचे हिंडणे-फिरणे, श्वासोच्छ्वास व अंगाची ऊब यांत खर्च होते. काही विष्ठेतून जाते. निसर्गात अन्नसाखळीच्या प्रत्येक पायरीवर साधारण दहावा हिस्साच पुढे सरकतो. म्हणून ऊर्जेचा पिरॅमिड वर निमुळता होतो. अमेरिकी शास्त्रज्ञ रेमंड लिंडमन यांनी १९४२ मध्ये हा हिशेब मांडला.

तेव्हा घरची ज्वारी, तूर विकून टॉनिकची बाटली आणू नका. १०० ग्रॅम ज्वारीत सुमारे ३३० उष्मांक असतात. भाकरीत कमी पडणारे लायसिन डाळ-उसळ भरून काढते. मात्र ब-१२ जीवनसत्त्व धान्य-भाजीत नसते. त्यासाठी दूध किंवा अंडे हवे. गाय-शेळी आपल्याला न पचणारा चारा खाऊन दूध देते, हा फायदाच.

पोटभर जेवूनही थकवा जात नसेल, तर हिमोग्लोबिन जरूर तपासून घ्या.