डिस्ने वर्ल्ड एकट्याने पाहताना

मुलगा किंवा लेक अमेरिकेत नोकरीला, म्हणून गावाकडचे आईवडील तिकडे महिना-दोन महिने राहून येतात, हे आता नवलाचे राहिलेले नाही. पण तिकडे मुलांना रजा मोजकी. कामानिमित्त फ्लोरिडातील ऑर्लँडोला जाताना मुलगा आईला किंवा वडिलांना सोबत नेतो, आणि स्वतः दिवसभर कचेरीच्या कामात अडकतो. अशा वेळी हॉटेलच्या खोलीत बसून राहावे, की जवळचे डिस्ने वर्ल्ड एकट्याने पाहून यावे? थोडी तयारी असेल तर अवश्य पाहून यावे. यात्रेच्या गर्दीत वावरलेल्या माणसाला हे अवघड नाही.

जागा केवढी?

१ ऑक्टोबर १९७१ रोजी सुरू झालेला हा पसारा सुमारे २५ हजार एकरांचा आहे. पूर्वी येथे बरीचशी दलदल आणि गुरांची कुरणे होती. आत चार मोठी उद्याने आहेत. एका दिवशी एकच पाहावे; चारही पाहण्याचा हव्यास धरू नये. तिकिटाचा दर तारखेप्रमाणे बदलतो, म्हणून ते मुलाकडून आधीच काढून घ्यावे.

शेतकऱ्याने काय पाहावे?

१९८२ साली उघडलेले 'एपकॉट' निवडावे. तेथे 'लिव्हिंग विथ द लँड' नावाची होडीची सफर आहे. होडी सावकाश काचघरांतून जाते. मातीवाचून वाढणारी भाजी, हवेत लोंबणाऱ्या मुळांवर पाणी व खते फवारण्याची रीत, मत्स्यपालनाच्या टाक्या, असे सारे बसल्या जागी दिसते. येथील भाजी तेथल्याच उपाहारगृहांत शिजते. येथे टोमॅटोच्या एकाच झाडाने वर्षभरात ३२ हजारांवर फळे दिल्याची नोंद गिनेस बुकात झाली आहे. पुढे तळ्याभोवती अकरा देशांचे देखावे आहेत. ती फेरी जवळजवळ दोन किलोमीटरची, तेव्हा बाकावर टेकत, दमादमाने करावी.

निघताना

पायात वापरातल्या चपला किंवा बूट असावेत. फोन पूर्ण भरून घ्यावा. तरीही मुलाचा नंबर आणि हॉटेलचे नाव इंग्रजीत लिहिलेली चिठ्ठी खिशात किंवा पर्समध्ये हवीच. रोजची औषधे विसरू नयेत. दारात पिशवी तपासतात. चाकू, अडकित्ता, काचेची बाटली घरीच ठेवावी. दशम्या-चटणी मात्र नेता येते. थंड पेये मिळणाऱ्या बहुतेक खाद्यगृहांत साधे थंड पाणी फुकट मिळते, ते मागायला संकोच करू नये. शाकाहारी असाल तर 'नो मीट, नो फिश, नो एग' एवढे तीनदा सांगितले तरी चालेल.

उन्हाळ्यात, जून ते सप्टेंबरमध्ये, दुपारी बहुधा विजांसह पाऊस येतो. उघड्यावरचे पाळणे तेव्हा थांबवतात. अशा वेळी झाडाखाली न थांबता इमारतीत बसावे.

एकट्याचा फायदा

काही पाळण्यांना एकट्या माणसासाठी वेगळी रांग असते. मोकळी राहिलेली एखादी जागा भरण्यासाठी त्या रांगेतून माणूस घेतात, म्हणून ती बहुधा लवकर सरकते. मात्र रक्तदाब, हृदयविकार किंवा पाठीचे दुखणे असेल, तर वेगवान पाळण्यांच्या वाटेला जाऊ नये. प्रत्येक उद्यानात प्रथमोपचाराची खोली आहे. चक्कर आली तर लगेच तेथे जावे.

वाट चुकली तर भटकू नये. छातीवर नावाचा बिल्ला लावलेले सेवक जागोजागी असतात. बिल्ल्यावर त्यांचे गावही लिहिलेले असते. त्यांना चिठ्ठी दाखवावी. इंग्रजी मोडके असले तरी ते समजून घेतात.

संध्याकाळी मुलाने कोठे आणि किती वाजता यायचे, हे सकाळीच ठरवून घ्यावे. आतषबाजी संपली की दाराशी एकच रेटा होतो. त्याआधीच बाहेर पडावे. आणि काचघरात पाहिलेले त्याच रात्री वहीत टिपून ठेवावे. गावी परतल्यावर चार शेतकरी विचारणारच.