बटाट्यांतील पाणी आणि शिरोळची जमीन

कोल्हापूरच्या मंगळवार पेठेंतील एखाद्या शाळेंत परासरणाचा प्रयोग करावयाचा झाल्यास सामान मिळविण्यास आयास पडत नाहींत. दोन बटाटे, बशा, टांचण्या आणि या शहरांत ज्याची कधीं वाण पडत नाहीं तो गूळ, एवढ्यावर भागतें. पाठ्यपुस्तकांत साखर सांगितलेली असते. परंतु गूळ अधिक बरा, कारण तो पाण्यास रंग देतो व कोठें गेला हें डोळ्यांस दिसतें.

प्रथम बशींतील स्वच्छ पाण्यांत गुळाचा खडा टाकून बशी न हलवितां ठेवावी. खड्याभोंवतीं पिवळसर वलय उमटतें, पसरतें, आणि अखेर सगळें पाणी एकाच रंगाचें होतें. ढवळणारा कोणीहि नसतो. द्रवांतील सूक्ष्म कण अखंड इकडून तिकडे धांवत असतात. त्यामुळें जेथें गर्दी अधिक तेथून विरळ जागेकडे ते पांगत जातात. यास विसरण म्हणतात.

आतां वाटेंत भिंत घालून पाहावें. बटाट्याचें बूड सपाट कापून, खालच्या भागाची साल काढून, वरून वाटीसारखी पोकळी कोरावी. तींत अर्ध्यापर्यंत गुळाचें दाट पाणी घालावें, पातळीशीं टांचणी टोंचावी, व बटाटा साध्या पाण्याच्या बशींत उभा करावा. कांहीं तासांनीं पोकळींतील पाणी टांचणीच्या वर चढलेलें दिसतें. बटाट्याच्या प्रत्येक पेशीस अतिशय पातळ पडदा असतो. तो पाण्याच्या कणांस वाट देतो. साखरेच्या मोठ्या कणांस बहुतांशीं अडवितो. पाण्याची ये-जा दोन्हीं बाजूंनीं चालूच असते, परंतु गुळाकडे जाणारें अधिक व तिकडून परतणारें कमी. फ्रान्समधील नोले यानें १७४८ सालीं डुकराच्या मूत्राशयाचा पडदा मद्यार्काच्या भांड्यावर ताणून हेंच पाहिलें होतें. पडद्यापलीकडील या दाबाचे नियम बसविणारे व्हांट हॉफ यांस १९०१ सालीं रसायनशास्त्राचें पहिलें नोबेल पारितोषिक मिळालें.

दुसरा बटाटा मात्र उकडून घ्यावा. हा भाग वर्गांत बहुधा गाळला जातो, आणि प्रयोगाचा जीव तर त्यांतच आहे. उकडलेल्या बटाट्यांत पाणी चढत नाहीं. उलट बशींतील पाणी पिवळें होऊं लागतें. उष्णतेनें पडदे फाटले, भिंत राहिली नाहीं, आणि परासरण जाऊन साधें विसरण उरलें. व्याख्या घोकून जें कळत नाहीं तें या दोन बशा शेजारीं ठेवतांच कळतें.

हाच प्रयोग उलटाहि होतो. कैरीच्या फोडींस मीठ चोळलें कीं पाणी सुटतें, हें प्रत्येक घरांत ठाऊक आहे. बाहेर दाट द्रव असला म्हणजे पेशींतील पाणी बाहेर निघतें.

कोल्हापूरच्या पूर्वेस, कृष्णा-पंचगंगेच्या कांठीं, शिरोळ तालुक्यांत हा उलटा प्रयोग शेतांतून घडला आहे. तेथील काळ्या भारी जमिनींत उंसास वर्षानुवर्षें बेसुमार पाणी दिलें गेलें. निचरा नसल्यानें भूमिगत पाणी वर आलें. उन्हानें पाणी उडालें आणि त्यांतील क्षार मातींत राहिले. जमीन क्षारपड झाली. आतां मुळांबाहेरील पाणी इतकें खारट कीं पिकास तें ओढून घेणें कठीण होतें. रान ओलें असतें, पीक तहानेनें सुकत असतें. सुकलेलें पाहून शेतकरी आणखी पाणी सोडतो, आणि तें उतरावयास वाट नसल्यानें दुखणें वाढतें. त्यांत शेतकऱ्याचा दोष तो काय? कोमेजलेल्या पिकास पाणी द्यावें हें तो बाळपणापासून शिकला.

उपाय पाणी घालण्यांत नसून काढण्यांत निघाला. शिरोळच्या दत्त सहकारी साखर कारखान्याच्या पुढाकारानें अनेक शेतांत जमिनीखालीं सच्छिद्र नळ पुरण्यांत आले. पावसाचें व पाटाचें गोडें पाणी मातींतून झिरपतांना क्षार विरघळवून या नळांत उतरतें व शेताबाहेर वाहून जातें. मुळांभोंवतीं क्षार कमी झाले म्हणजे पाणी पुन्हां पेशींच्या पडद्यांतून आंत शिरूं लागतें.