नॉब परत हवेत

‘नागिन’ (१९५४) चित्रपटातली बीन ही खरी बीन नव्हती, हे जुन्या गाण्यांच्या रसिकांना ठाऊक असते. कल्याणजी वीरजी शहा यांनी ती क्लेव्हियोलाइनवर वाजवली आणि जोडीला रवी यांची हार्मोनियम होती. फ्रान्समधल्या कॉन्स्टंट मार्टिन यांचे हे वाद्य चाळीसच्या दशकाच्या अखेरीस आले. ते व्हॉल्व्हवर चालणारे, एका वेळी एकच सूर देणारे होते. त्यातली एक सोय मात्र क्वचितच सांगितली जाते. पट्ट्यांच्या खाली, वादकाच्या गुडघ्याशी एक दांडी असे. गुडघ्याने ती ढकलली की आवाज चढायचा, सोडली की उतरायचा. पट्टी दाबल्यानंतरही सूर वादकाच्या ताब्यात राही.

आज लग्नाच्या मांडवापासून ऑर्केस्ट्राच्या रंगमंचापर्यंत जो अरेंजर कीबोर्ड दिसतो, त्यात नेमका हा ताबा सुटला आहे. डाव्या हाताने कॉर्ड धरली की ढोलक, बेस, गिटार असा सगळा ताफा साथीला येतो. एकट्या माणसाला पूर्ण वाद्यवृंद देणारी ही युक्ती मला मनापासून आवडते. पण उजव्या हाताने बासरीचा टोन वाजवायला घेतला की पट्टी दाबण्याच्या जोराइतकाच काय तो फरक करता येतो. सूर लागल्यावर त्याला उजळ करणे, मंद करणे, फुंकेसारखा फुलवणे यासाठी हाताशी बहुधा काही नसते. हार्मोनियमवाल्याचा डावा हात भात्यावर असतो. ओळीचा चढउतार तिथेच घडतो. अरेंजरने तो हात कॉर्डकडे नेला आणि बदल्यात त्याला काहीच दिले नाही.

एके काळी सिंथेसायझर म्हणजे नॉबच असत. १९७० सालचा मिनीमूग पाहा: पॅनलभर गोल नॉब, एकेकाला एकच काम. त्यातला फिल्टरचा कटऑफ हा नॉब सर्वांत महत्त्वाचा. तो आवाजातले वरचे स्वरांश कापतो. नॉब बंद करत गेले की सूर घुमा होतो, उघडत गेले की तेजाळतो. त्याच्या शेजारचा रेझोनन्स कापल्या जाणाऱ्या जागेलाच टोक काढतो. मुंबईच्या चरणजीत सिंग यांनी रोलँडची ज्युपिटर-८, टीबी-३०३ आणि टीआर-८०८ ही तीन यंत्रे घेऊन १९८२ मध्ये रागांवर आधारलेली डिस्को तबकडी ध्वनिमुद्रित केली. त्यातल्या ३०३ च्या वरच्या ओळीत सहा छोटे नॉब आहेत, आणि एका सुरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची सोयही आहे. मींडेची सवय असलेल्या कानाला ते यंत्र का भावले असेल, हे ती तबकडी ऐकताच कळते. २०१० मध्ये ती पुन्हा निघाली तेव्हा युरोपातले श्रोते थक्क झाले होते.

मग नॉब गेले कुठे? १९८३ मध्ये यामाहाचा डीएक्स-७ आला. स्टॅनफर्डच्या जॉन चाउनिंग यांनी शोधलेली एफएम पद्धत त्यात होती. तिच्यात फिल्टरच नव्हता, आणि एकेका टोनमागे शंभराहून अधिक आकडे होते. इतके नॉब बसवणार कुठे? म्हणून सपाट बटणे आणि आकडा बदलणारा एकच स्लायडर आला. हे स्वस्त पडले आणि सुबकही दिसले. बाकीच्या कंपन्या त्याच वाटेने गेल्या. पाच वर्षांनी रोलँडचा ई-२० आला आणि अरेंजरचे युग सुरू झाले, तोवर ही रीत पक्की झाली होती. नॉब परत आणले ते १९९५ च्या नॉर्ड लीडने, पण तो सिंथेसायझर होता. अरेंजरपर्यंत ते हळूहळू पोचले. यामाहाच्या जेनोसवर (२०१७) सहा नॉब आणि नऊ स्लायडर आहेत, पण त्याची किंमत सामान्य वादकाच्या आवाक्याबाहेर होती. मधल्या किमतीच्या पीएसआर-ई४६३ वर दोन नॉब आहेत. सर्वांत जास्त हातांत जाणाऱ्या स्वस्त मॉडेलांवर बहुधा एकही नसतो. काहींवर तर सूर वाकवणारे पिच बेंडचे चाकही नसते.

खर्चाचे कारण पुढे केले जाते. मला ते पटत नाही, कारण बहुतेक यंत्रणा आत आधीच असते. १९८३ मध्ये ठरलेल्या मिडी भाषेत प्रत्येक नियंत्रणाला क्रमांक आहे. ७ म्हणजे आवाजाची पातळी, ११ म्हणजे एक्स्प्रेशन (वाजवतानाचा चढउतार), ७४ म्हणजे उजळपणा, ७१ म्हणजे रेझोनन्स, ७३ सुराची सुरुवात आणि ७२ त्याचा विराम. प्रत्येकाची किंमत ० ते १२७. हे क्रमांक कित्येक कीबोर्डांना कळतात. ते पाठवणारा नॉब तेवढा पॅनलवर नसतो.

तो बाहेरून जोडता येतो. मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवर किंवा पुण्यात पासोड्या विठोबाच्या परिसरात १० किलोओहमचा सरळ चढाचा पोटेन्शियोमीटर, म्हणजे नॉबखालचा फिरता रोधक, आणि आर्डुइनो हा प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड सहज मिळतो. बोर्ड नॉबची जागा ० ते १०२३ अशी वाचतो. तिला ८ ने भागले की मिडीची १२८ पायऱ्यांची मोजणी मिळते. एक संदेश तीन बाइटचा. सेकंदाला ३१,२५० बिटांच्या वेगाने तो एक हजारांश सेकंदाच्या आत पोचतो, म्हणून हात आणि आवाज यांच्यात अंतर जाणवत नाही. नॉब स्थिर असतानाही वाचन एखाद्या आकड्याने थरथरते. म्हणून किंमत खरोखर बदलली तरच संदेश पाठवायचा, नाहीतर तारेवर संदेशांची गर्दी होते.

अडचणी पुढेच आहेत. स्वस्त मॉडेलांतून पाच पिनांची गोल मिडी जोडणी गेली आणि फक्त यूएसबी उरली. आर्डुइनोही यूएसबीचा, कीबोर्डही यूएसबीचा. दोघांनाही समोर संगणकासारखा यजमान लागतो, म्हणून मधे होस्टची डबी ठेवावी लागते. त्याहून अवघड म्हणजे कित्येक कीबोर्डांत बाहेरून आलेला संदेश आणि हाताने वाजवलेला टोन यांच्या वाटाच वेगळ्या असतात. नॉब फिरतो, संदेश पोचतो, पण उजव्या हाताची बासरी जशीच्या तशी. अशा वेळी ‘लोकल कंट्रोल’, म्हणजे पट्ट्या आणि आतला आवाज यांची थेट जोडणी, बंद करून, पट्ट्यांचे संदेश बाहेर काढून नॉबच्या संदेशांसह परत आत पाठवावे लागतात. तिसरी अडचण कार्यक्रमात कळते. गाण्यात टोन बदलला की नव्या टोनची किंमत एक आणि नॉबची जागा दुसरीच; हात लावताच आवाज उडी मारतो. नॉब नव्या टोनच्या किमतीपाशी येईपर्यंत गप्प राहील, असे त्याला आधी शिकवावे लागते.

नॉब किती हवेत? पॅनल भरून टाकणाऱ्यांशी माझे मत जुळत नाही. दोन पुरेत: एक ११ चा, भात्याच्या जागी, आणि एक ७४ चा. ते डाव्या बाजूला, पिच बेंडच्या चाकाजवळ असावेत. कॉर्ड एकदा दाबली की अरेंजर ती पुढच्या कॉर्डपर्यंत धरून ठेवतो, म्हणजे डावा हात मोकळा होतो. रागावर बेतलेल्या भावगीतात किंवा अभंगात कॉर्ड कमी बदलतात, तेव्हा तो आणखी वेळ मोकळा राहतो. त्या वेळात तो ओळ फुलवू शकतो. महागड्या कीबोर्डांवरही नॉबची जागा ठरवताना हा विचार झालेला मला दिसत नाही.

भारतासाठी खास तबला, तानपुरा आणि आपल्या तालांसह मॉडेले काढणाऱ्या कंपन्यांना एवढेच सांगणे आहे: पुढच्या मॉडेलात शंभर नवे टोन घालू नका, दोन नॉब घाला. आणि वाचकहो, कीबोर्ड घ्यायला जाल तेव्हा त्याचा मिडीचा तक्ता दुकानदाराकडे मागा. ११ आणि ७४ या ओळींत, संदेश स्वीकारण्याच्या रकान्यात गोल खूण असेल तर नॉब पुढे कधीही जोडता येतील. फुली असेल तर तो कीबोर्ड घेऊ नका.